हा दगड कुठला?

मागच्या महिन्यात पाहुणे आले होते, म्हणून त्यांना घेऊन एका वस्तुसंग्रहालयात गेलो. नाव लिहीत नाही. तिथली माणसं चांगली आहेत आणि हा रोग काही एकट्या त्यांचा नाही.

कोपऱ्यात एक वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, उभा होता. कमरेएवढा, काळ्या दगडाचा. सगळ्यात खाली गाईंची रांग, त्यातल्या एकीचं शिंग तुटलेलं. तिच्यापुढं ढाल-तलवार घेतलेला गडी, आणि शेजारी तोच आडवा पडलेला. वरच्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दंडाला धरून वर नेतायत. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. गावाची गुरं सोडवताना गेलेला माणूस. आणि खाली पट्टी काय? ‘दगडी शिल्प. इ.स. १२ वे शतक.’

तिथल्या काकांना विचारलं, हा कुठल्या गावचा? म्हणाले, “माझ्या आधीपासनं हितंच हाय.”

मला राग आला तो ह्याचा. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नसतं. त्या गड्याचं नाव गेलं, बापाचं गेलं, कुणाशी लढला तेही गेलं. उरला होता फक्त पत्ता, म्हणजे तो ज्या वेशीवर उभा होता ते गाव. तोही आपण ट्रॅक्टरमधून उतरवताना हरवला. वाई तालुक्यातल्या किकलीला जाऊन बघा. भैरवनाथाच्या देवळाशी वीरगळांची दाटी आहे. ऊन-पाऊस खातायत खरं, पण ते किकलीचे आहेत हे शेंबडं पोरही सांगेल.

मी कऱ्हाडचा, म्हणून हे जास्त लागतं. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात (सातारा नव्हे, सतना!) भरहुतला बौद्ध स्तूप होता. १८७३ साली कनिंगहॅम या इंग्रज पुरातत्त्वज्ञाला तो सापडला आणि त्याचा लाल दगडी कठडा कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेला. त्या कठड्यावर ब्राह्मीत एक ओळ आहे, ‘करहकट निगमस दान’. म्हणजे करहकट नगराचं दान. हे करहकट म्हणजे आपलं कऱ्हाड. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास, एसटी नाही की रेल्वे नाही, इतक्या लांब दान पाठवलं आणि आठवणीनं गावाचं नाव कोरून घेतलं. ज्यांची आगाशिवच्या डोंगरात लेणी, तीच ही वस्ती.

कऱ्हाडच्या ताम्रपटाचंही तेच. शके ८८०, म्हणजे इ.स. ९५९. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण तिकडं तमिळ मुलखात मेलपाटीला तळ ठोकून बसलेला, आणि तिथून इकडचं गाव गगनशिव नावाच्या शैव तपस्व्याला देतोय. असल्या ताम्रपटांत दिलेल्या गावाच्या चारी सीमा लिहायची रीतच होती. पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक. त्यांना तांब्यावर जमलं, आपल्याला पुठ्ठ्याच्या पट्टीवर जमत नाही.

आणि आपल्याला असले प्रश्न पडतच नाहीत असंही नाही. २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा ती कुठली, कुणाची, कुणी कुणाला दिली, यावर चहाच्या टपरीवर भांडणं झाली. नामवंताच्या वस्तूची सात पिढ्यांची चौकशी, आणि गुराख्याच्या दगडाला ‘दगडी शिल्प’.

दोष फक्त संग्रहालयांचा म्हणू नये. माझ्या मामीच्या परड्यात मोटारीशेजारी धुण्याचा दगड आहे. दिवाळीत पालथा केला तर खाली घोडेस्वार! वरची बाजू साबणानं आणि आपटण्यानं गुळगुळीत झालीय, पण काठाला पुसट चंद्रकोर हाताला लागते. मी उत्साहानं म्हणालो, संग्रहालयात देऊया. मामी म्हणाली, “तितं कोण वळकतंय त्याला?”

मग चौघांनी उचलून मारुतीच्या पाराला टेकवून ठेवला. फरशीच्या तुकड्यावर ऑइलपेंटनं गावाचं नाव, कुणाच्या परड्यातून आणला ते आणि तारीख लिहिली. अक्षर माझं, त्यामुळं वाकडं. आता मामीला धुण्यासाठी कडप्पा आणून द्यायचाय, रोज फोन येतोय.