मोबाईलशी नातं सुधारायचंय? आधी फुल चार्ज करून या

तर सगळ्यात आधी कॉलेजचं ते 'डिजिटल वेलबीइंग'चं वेबिनार चुकवू नका. शनिवारी दुपारी तीन ते पाच. लिंक आधी क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येईल, मग तीच डिपार्टमेंटच्या ग्रुपवर, मग एनएसएसच्या, आणि शेवटी सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, पर्सनलवर पाठवेल, "प्लीज जॉईन करा रे सर चिडलेत". कॅमेरा ऑन कंपल्सरी. तज्ज्ञ मॅडमचा पहिला अर्धा तास "माझा आवाज येतोय का सगळ्यांना" यात जाणार आणि उरलेला दीड तास त्या सांगणार की स्क्रीनसमोर सलग बसू नका. तुम्ही लॅपटॉपसमोर मान डोलवत राहा आणि मांडीवर मोबाईल ठेवून रील्स बघा, कुणाला काही कळत नाही. फक्त फीडबॅकचा गुगल फॉर्म आला की अलर्ट, तो पाच मिनिटांत बंद होतो. मग ई-सर्टिफिकेट येतं, त्यात नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं, तरी स्टेटसला टाका. उद्या कॉलेजला ग्रेड देणारी नॅकची कमिटी आली की दाखवायला काहीतरी पाहिजे ना.

कुणी म्हणेल, मोबाईल चार दिवस कपाटात ठेवून बघू. ठेवा की! अटेंडन्स क्यूआर कोडने लागते, ७५ टक्के नाही भरली तर बघून घेऊ. प्रॅक्टिकलची बॅच बदलली हे रात्री साडेअकराला ग्रुपवर पडतं, तेही सकाळी लॅबच्या दारात कळेलच. नोट्स म्हणजे पीडीएफ, पीडीएफ म्हणजे वहीचे फोटो, आणि अर्ध्या पानावर सरांचा अंगठा. हॉल तिकीट, फी, क्रेडिट जमा व्हायचा एबीसी आयडी, डिजिलॉकर सगळं त्या खोक्यातच. आणि स्कॉलरशिपचा फॉर्म? त्याचा ओटीपी बाबांच्या नंबरवर जातो, बाबा रानात, मोबाईल घरी चार्जिंगला, मग शेजारच्या काकूंना फोन लावून आईला बोलवायचं, आई चष्मा शोधणार, "चार... सात... हे एक आहे का सात आहे रे?" तोवर टाइम आऊट. परत पहिल्यापासून. एवढं सगळं करून वर्गात गेलात की तेच सर फळ्याकडे पाठ करून म्हणतील, तुमची पिढी मोबाईलपायी वाया गेली. त्यावर मान खाली घाला. खाली मोबाईल असतोच.

आता उपाय. मोबाईलचा वापर कमी करायचा तर त्यासाठी ॲप पाहिजे, नुसत्या मनाने कमी करणं हे फार जुनं झालं. २०१८ मध्ये गुगल आणि ॲपल दोघांनीही स्क्रीन टाइम मोजायची सोय फोनमध्येच दिली, म्हणजे जो वाढतो तोच मोजून देतो, किती प्रामाणिक लोक! इन्स्टाला अर्ध्या तासाची लिमिट लावा. लिमिट संपली की खाली 'आजच्यापुरतं दुर्लक्ष करा' असं बटण येतं, ते दाबा. उद्या परत लिमिट लावा, शिस्त म्हणतात ती हीच. आणि स्क्रोल करता करता पानाचा तळ लागत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका, तो मुळात ठेवलेलाच नाही. ही आयडिया २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या अमेरिकन डिझायनरने काढली आणि पुढे त्याने जाहीरपणे खेद व्यक्त केला. एका माणसाने केलाय ना पश्चात्ताप, मग सगळ्यांनी कशाला करत बसायचं.

रोजच्या दीड जीबीचंही मनावर घ्या. रात्री बाराला उरलेला डेटा मरतो, आणि पानात टाकायचं नाही हे आजीने शिकवलंय. पावणेबाराला चारशे एमबी शिल्लक दिसले तर झोप लागेल का सांगा?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं नाव मात्र हॉस्टेलच्या रेक्टरसमोर चुकूनही काढू नका. तिथे २०२२ मध्ये गावाने ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. आणि मोठ्यांनीही बंद ठेवायचा, हे तर फारच झालं. आपल्याकडे कुणी असला भोंगा बसवलाच तर आधी त्याची रील बनवा.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत मोबाईल-इंटरनेटचं व्यसन लागलेल्यांसाठी वेगळं क्लिनिक आहे. पण ते खरंच ज्यांना प्रॉब्लेम आहे त्यांच्यासाठी. आपल्याला कुठे काय, आपण कधीही सोडू शकतो, फक्त ही सेमिस्टर जाऊ दे.

आणि डिटॉक्स करायचाच असेल तर गुपचूप करू नका, त्याला काही अर्थ नाही. काळ्या बॅकग्राउंडवर स्टोरी टाका, "काही दिवस इन्स्टावर नसेन, काळजी घ्या". मग किती जणांनी बघितली ते दर दहा मिनिटांनी बघत राहा. कुणी "काय झालं रे?" म्हणून मेसेज केलाच तर लगेच रिप्लाय देऊ नका, डिटॉक्स चालू आहे ना, दोन मिनिटं थांबा.