कोचीच्या पोस्टवर ताईंची कमेंट आणि माझं (लांबलेलं) उत्तर

नमस्कार ताई. आधी सॉरी म्हणतो, मग भांडतो.

तुमची कमेंट परवा रात्री वाचली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की 'ज्याचा त्याचा अनुभव' असं काहीतरी दोन ओळीत खरडून मोकळं व्हावं, पण परत वाचल्यावर लक्षात आलं की तुम्ही माझ्या पोस्टची चक्क प्रिंट काढून नेली होती आणि माझ्या भरवशावर बहात्तर वर्षांच्या आईंना घेऊन कोचीत फिरलात, मग दोन ओळीत भागत नाही.

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की कोची दोन दिवसांत सरकारी बोट आणि साध्या बसने आरामात बघून होतं, फिरण्याचा खर्च माणशी दीडशेच्या आत. ताईंचं म्हणणं असं की पहिल्या दिवशी मट्टनचेरीचा (फोर्ट कोचीशेजारच्या जुन्या भागातला) राजवाडा बंद मिळाला, दुसऱ्या दिवशी तिथलंच सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बंद मिळालं, बसच्या पाट्या मल्याळममध्ये, संध्याकाळी परतीच्या बसने पावणेदोन तास घेतले, वास्को द गामाची कबर रिकामी निघाली, चिनी जाळ्यात मासे चार आणि सेल्फीवाले चाळीस, तिथे अजून कोंकणी बोलतात असं मी म्हटलं होतं ती कुठेच कानावर आली नाही. आणि शेवटी, "तीनशे रुपये वाचवायला लोकांना उन्हात उभं करू नका, सरळ टॅक्सी करा असं लिहा, सगळेच काही अलिबागवरून आलेले नसतात."

शेवटचा टोमणा आवडला. आणि तो नेमका बसलाही, सांगतो कसा.

राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शनिवारी. तुम्ही गेलात शुक्र-शनि. आम्ही गेलो होतो मंगळ-बुध, सगळं उघडं मिळालं, आणि उघडं दार दिसल्यावर आज वार कोणता हे कोण बघतो? पण मी बघायला हवं होतं ना. अहो मी अलिबागचा, आमच्याकडे ज्यूंना शनवार तेली म्हणायचे, का तर शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद. आमच्या गावात इस्राएल आळी आहे, सिनेगॉग आहे, तिथे लहानाचा मोठा झालेला माणूस सिनेगॉगबद्दल दीड पान लिहितो आणि 'शनिवारी जाऊ नका' एवढे तीन शब्द लिहीत नाही म्हणजे खरंच अलिबागवरून आलाय असंच म्हणायला पाहिजे. चूक शंभर टक्के माझी. पोस्टमध्ये आता सगळ्यात वर, जाड अक्षरात वार टाकलेत. रविवारी सकाळी सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा तिकडेही हिंडता येत नाही, तेही टाकलं.

काय बघायचं राहिलं ते सांगून जखमेवर मीठ चोळत नाही, फक्त एवढंच की परत जाणं झालं तर सिनेगॉगात वर झुंबरं बघण्याआधी खाली बघा. वास्तू १५६८ ची, पण पायाखालच्या निळ्या-पांढऱ्या फरशा १८ व्या शतकात चीनहून आलेल्या, हाताने रंगवलेल्या. आणि राजवाड्याला सगळे डच पॅलेस म्हणतात पण तो बांधला पोर्तुगीजांनी, राजाला नजराणा म्हणून, डचांनी नुसती डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं. (हे असं आपल्याकडे सोसायटीच्या कामातपण होतं.)

आता बस. पाट्या मल्याळममध्ये असतात हे मी लिहिलं होतं हो, पण 'विचारा, लोक सांगतात' असं मोघम लिहिलं, ते पुरेसं नव्हतं. विचारायचं कोणाला, तर दाराशी जो लटकत असतो त्याला. खाजगी बसला एक दारवाला असतो, त्याला तिकडे 'किळी' म्हणतात, म्हणजे पक्षी. "फोर्ट कोची पोगुमो?" एवढं म्हणायचं, पोगुमो म्हणजे जाणार का. तो एकतर हाताने आत ढकलतो नाहीतर हाताने बाजूला करतो, दोन्हीत उत्तर मिळतं. खिडक्यांना काचा नसतात, वर गुंडाळलेली ताडपत्री असते, पाऊस आला की सगळी बस एकदम सोडते. मला हे सगळं मजेचं वाटतं, पण आईंना धरून उभ्या असलेल्या बाईला ते मजेचं का वाटावं, हा तुमचा मुद्दा मान्य.

आणि संध्याकाळी बसने परत यायचं हे मी लिहिलं ते साफ चुकलं. आम्ही सकाळी बसने गेलो होतो, संध्याकाळी बोटीने आलो, लिहिताना मी क्रम उलटा टाकला कारण मला वाटलं सकाळचा बोटीचा फोटो आधी आला तर पोस्ट छान दिसेल. (फोटोसाठी केलेले असले उद्योग असे अंगाशी येतात.) सकाळी लवकर बस रिकामी असते आणि रस्ताही वाहता असतो, संध्याकाळी वाटेतल्या तोप्पुंपडी भागाच्या आसपास ती रांगते. तेव्हा जाताना बस, येताना बोट. उलटं करायचं नाही.

पण टॅक्सीच करा असं मी लिहिणार नाही, आणि इथे मात्र मी भांडणार.

टॅक्सीवाला तुम्हाला एर्नाकुलमहून (शहराचा मुख्य भूमीवरचा भाग) फोर्ट कोचीला नेतो तेव्हा दोन पूल ओलांडतो, मध्ये वेलिंग्डन आयलंड लागतं, तुम्ही एसीत फोन बघत असता आणि तुम्हाला वाटतं हे एक शहर आहे आणि त्यात खाड्या फार आहेत. बोटीत बसलं की उलटं दिसतं. पाणी आधी, मग त्याच्या कडेकडेने शहर. जेट्टीवरून सुटलात की वीसेक मिनिटांत सगळी गोष्ट डोळ्यासमोरून जाते, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे, आणि ते मी पोस्टमध्ये लिहिलंच नव्हतं, तिथे मी नुसतं 'वारा मस्त लागतो' असं लिहिलं होतं. आता लिहितो.

असं सांगतात की १३४१ मध्ये पेरियार नदीला महापूर आला, तिच्या मुखाजवळचं मुझिरिसचं जुनं बंदर गाळाने भरलं आणि इकडे कोचीच्या खाडीला समुद्राचं तोंड मोकळं झालं. त्या तोंडाशी पोर्तुगीज आले, त्यांनी १५०३ मध्ये किल्ला बांधला, १६६३ मध्ये डचांनी तो घेतला, १७९५ मध्ये इंग्रजांनी, आणि पुढे इंग्रजांनी तटबंदी पाडून टाकली, म्हणून फोर्ट कोचीत सगळं आहे फक्त फोर्ट नाही. आमच्या आईने तिथे तीनदा विचारलं किल्ला कुठाय. पण तोंड उघडं असलं तरी बाहेर वाळूची मोठी आडवी दांडी होती, मोठी जहाजं आत शिरायची नाहीत, बाहेरच उभी राहायची आणि माल छोट्या होड्यांतून ने-आण. १९२० मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंजिनिअर आला, त्याने ती वाळू कापली, आणि १९२८ च्या मे महिन्यात 'पद्मा' नावाचं जहाज पहिल्यांदा आतल्या बंदरात आलं. कुठून कुठे निघालेलं? मुंबईहून कोलंबोला. मग बंदर खोल करताना जो गाळ निघाला त्याचंच बेट केलं, व्हाइसरॉयचं नाव दिलं, तेच वेलिंग्डन. म्हणजे टॅक्सी ज्या जमिनीवरून पळते ती तुम्ही बोटीतून ज्या पाण्यात आहात त्याच्या तळातली माती आहे! हे मला बोटीत बसल्यावर कळलं, त्याआधी त्याच बेटावरून बसने गेलो तेव्हा काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं.

आईंसाठी मात्र मी वेगळं सांगायला हवं होतं. सरकारी बोटीचं तिकीट आम्ही गेलो तेव्हा ६ रुपये होतं, पण चढताना बोट हलते, मध्ये फट असते, खलाशी हात देतो खरा पण गुडघे दुखणाऱ्याला भीतीच वाटते. त्यापेक्षा हायकोर्टाजवळून वॉटर मेट्रो घ्यायची. ती २०२३ मध्ये सुरू झाली, फोर्ट कोचीपर्यंत २०२४ पासून जाते, तिकीट तेव्हा ४० रुपये होतं, बोटी कोचीच्याच शिपयार्डात बांधलेल्या, आणि मुख्य म्हणजे तिचा धक्का तरंगता आहे, भरती असो ओहोटी असो बोट आणि धक्का एका पातळीवर, व्हीलचेअरसुद्धा जाते. मला स्वतःला ती तितकी आवडत नाही, काचा बंद, एसी, पाण्याचा वास येत नाही, एकदम मॉलमध्ये बसल्यासारखं. पण हे माझं झालं. माझे गुडघे अजून शाबूत आहेत म्हणून मी ६ रुपयांच्या बोटीचं कौतुक करतो, हे तुम्ही दाखवून दिलंत ते बरं केलंत.

वास्को द गामा. हो, सेंट फ्रान्सिस चर्चमधली त्याची कबर रिकामी आहे, १५३९ मध्येच त्याला पोर्तुगालला नेलं, खाली फक्त दगड राहिलाय. पण रिकामी म्हणून सोडून द्यायची नाही ताई. हा माणूस तिसऱ्यांदा आला १५२४ मध्ये, व्हाइसरॉय होऊन, आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर सप्टेंबरमध्ये आधी लागला कुठे तर आमच्या चौलला, अलिबागपासून अर्ध्या-पाऊण तासावर. तिथून गोवा, तिथून कोची, आणि २४ डिसेंबरला खेळ खलास, पुरते चार महिनेही नाहीत. मी लहानपणी चौलला सायकलवर गेलोय आणि तिथल्या पडक्या भिंती कोणाच्या हे तेव्हा विचारलंसुद्धा नव्हतं. कोचीच्या त्या दगडापाशी उभं राहिल्यावर ते आठवलं, म्हणून पोस्टमध्ये मी तिथे जरा वाहवत गेलो, पण कारण न सांगता वाहवलो. तुम्हाला कसं कळणार. चर्चमध्ये वर बघितलंत का, छताला दोरीने ओढायचे कापडी पंखे आहेत, बाहेर बसून कोणीतरी ओढायचं आणि आत साहेबाला वारा. मला कबरीपेक्षा ते जास्त लक्षात राहिलेत.

चिनी जाळ्यांबद्दल तुमचं अगदी खरं. फोर्ट कोचीच्या काठावर मासे कमी आणि 'दोरी ओढा, फोटो काढा, पैसे द्या' जास्त. पण तिथे फार न थांबता गाड्या नेणाऱ्या रो-रोने समोर वायपिनला जायचं, पाचेक मिनिटांचा प्रवास (आपल्या दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीसारखाच), पाण्याच्या मध्यातून ती जाळी एका रांगेत दिसतात आणि ती चालतात कशी ते कळतं. एका बाजूला भलंमोठं जाळं, दुसऱ्या बाजूला दोरीला बांधलेले दगड, तराजूच. चार-सहा माणसं मिळून एवढं मोठं धूड वरखाली करतात ते त्या दगडांच्या जोरावर.

कोंकणीचा मुद्दा राहिला. जेट्टीवर किंवा ज्यू टाऊनच्या दुकानांत नाही ऐकू येणार, तिथे दुकानदार काश्मीरपासूनचे आहेत. तिरुमला देवस्वमचं मंदिर आहे त्या भागात, चेरळाईच्या बाजूला जायला लागतं. १६ व्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेले सारस्वत तिथे वसले, घरात अजून कोंकणी बोलतात. आणि नुसते व्यापारी नव्हते हं. डच गव्हर्नर व्हॅन रीडने मलबारच्या झाडपाल्यावर 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ काढला, ॲमस्टरडॅमला १६७८ पासून छापला, त्यात मदत करणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन आणि तीन कोंकणी वैद्य, रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट. त्या तिघांनी १६७५ मध्ये लिहून दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात आहे, कोंकणीत, नागरी अक्षरात. मला बसची पाटी वाचता येत नव्हती त्या शहरात साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी माझ्या लिपीत सही करून गेलंय हे कळल्यावर मी काय करणार, लिहिलंच. पण कुठे जाऊन ऐकायचं ते लिहिलं नाही, त्याचीपण सॉरी.

रिक्षाचं विचारलंत, तर हो, फोर्ट कोची ते मट्टनचेरी उन्हात चालू नका, रिक्षा करा, फक्त वाटेत 'मसाल्याचं दुकान नुसतं बघा' म्हणाला की नको म्हणायचं. राजवाडा ते सिनेगॉग चालत पाच मिनिटं.

आणि तुम्ही सगळ्यात शेवटी कंसात लिहिलंय की आईंना बोटीतली घंटी आवडली, ती कशाची होती. तर पुढे चाक धरून बसतो तो स्रांक, आपला तांडेल समजा. इंजिन असतं खाली आणि ते बघणारा ड्रायव्हर वेगळा, त्याला बाहेरचं काही दिसत नाही. स्रांक दोरी ओढून घंटी वाजवतो, ठोक्यांवरून ड्रायव्हरला कळतं की पुढे, मागे का थांब. आपल्या एसटीतल्या डबल बेलसारखंच, फक्त इथे घंटी ऐकणाऱ्याला रस्ता दिसत नाही. जेट्टी जवळ आली की ती भराभर वाजायला लागते, आईंनी तेच ऐकलं असणार.