क्रूझ कंट्रोलवरच्या प्रतिक्रियेला उत्तर : वायर मी कापलेली नाही

‘एक ऑटोमोबाइल अभियंता’ महोदय,

माझ्या जुन्या स्विफ्ट डिझेलला बाहेरचं किट आणून क्रूझ कंट्रोल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडी ठरवलेल्या वेगात धरणारी सोय, बसवलं, त्या लेखावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया मिळाली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जोडणी कच्ची आहे, ब्रेकच्या सिग्नलला दुसरा पर्याय ठेवलेला नाही, एलईडी बल्बचा उल्लेख नाही, हे कायद्यात बसत नाही, विमा कंपनी हात वर करेल. आणि या सगळ्याच्या डोक्यावर हे वाक्य : ‘रविवारी हौस म्हणून गाडीच्या वायरी कापणाऱ्यांनी रस्त्यावर दुसऱ्यांच्या जिवाशी खेळू नये.’

मुद्दे मांडायला माझी कधीच ना नसते. लेखाखाली जागा ठेवलीय ती त्याचसाठी. पण वरचं वाक्य हा मुद्दा नाही, टपली आहे. तीसुद्धा स्वतःचं नाव न लिहिता मारलेली. पदवी लिहायला जागा पुरली, नाव लिहायला नाही.

तर वायरी कापण्याबद्दल. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं की गाडीची एकही मूळ वायर मी कापलेली नाही. ही कॉमन रेल डिझेल आहे, तिच्या अ‍ॅक्सिलरेटरला ओढायची केबल नसते. पेडलपाशी सेन्सर असतो, तो पाय किती दाबला ते व्होल्टेजच्या रूपात ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, कळवतो, आणि किती डिझेल सोडायचं ते ईसीयू ठरवतो. पेडलच्या कनेक्टरमधून सहा वायरी निघतात. दोन वेगवेगळे सिग्नल, आणि प्रत्येकाचा स्वतंत्र पुरवठा आणि अर्थ (ग्राउंड). मल्टिमीटर लावला तेव्हा पेडलला पाय न लावता एका सिग्नलवर 0.75 व्होल्ट होते आणि दुसऱ्यावर त्याच्या निम्मे. पेडल हळूहळू दाबत गेलं की दोन्ही चढतात, पण निम्म्याचं नातं सुटत नाही. ते सुटलं की ईसीयूला संशय येतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी ताकद काढून घेते. किटबरोबर येणारा हार्नेस, म्हणजे कनेक्टर लावलेला वायरींचा जुडगा, पेडल आणि गाडीच्या मूळ कनेक्टरच्या मध्ये बसतो. खटकन लावायचा, खटकन काढायचा. उद्या गाडी विकायची झाली तर पाच मिनिटांत सगळं होतं तसं. यात कापाकापी कुठे आली?

तुम्ही फोटोतल्या टेपवर बोट ठेवलंत. ‘काळी टेप गुंडाळली की झालं जुगाड.’ तो फोटो ब्रेक पेडलच्या वरच्या स्विचचा आहे. त्या स्विचच्या एका वायरीवर कायम 12 व्होल्ट असतात, दुसरीवर ब्रेक दाबला की येतात. ब्रेक लागला हे क्रूझच्या मॉड्यूलला कळण्यासाठी या दुसऱ्या वायरीवरून टॅप, म्हणजे फाटा, घ्यावा लागतो. बाजारात यासाठी प्लास्टिकच्या निळ्या क्लिपा मिळतात. चिमटा दाबला की आतलं पातं इन्सुलेशन फोडून तांब्याला टेकतं. त्या मी वापरल्या नाहीत, कारण हादऱ्याने त्या सैल होतात आणि पावसाळ्यात आत हिरवं चढतं. मी नखाएवढं इन्सुलेशन सोललं, नवी वायर त्यावर आवळून गुंडाळली, सोल्डर केलं, वर टेप लावली आणि वायर शेजारच्या जुडग्याला टायने बांधली, म्हणजे जोडावर ताण नको. आता तुम्ही म्हणाल हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, का नाही चढवली. अहो, अखंड वायरीवर ती चढवणार कुठून? तिच्यासाठी आधी वायर कापावी लागते. म्हणजे कापली तर मी रस्त्यावरच्यांच्या जिवाशी खेळतो, आणि नाही कापली तर जुगाड करतो. ठरवा एकदा काय ते.

आणि हौस म्हणालात म्हणून सांगतो, एरवी सांगितलं नसतं. माझ्या वडिलांचं भोसरीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. शाळेतून आलो की कॉइलला वार्निश लावायचं काम माझ्याकडे असायचं. सोल्डरिंगची इस्त्री हातात आली तेव्हा माझी मुंजसुद्धा झालेली नव्हती. पुढे सगळं आयुष्य कंट्रोल पॅनलच्या वायरिंगमध्ये गेलं. वायरीच्या टोकाला लग मारणं, फेरूल घालणं, प्रत्येक वायरीला नंबर चढवणं आणि मग ग्राहकाच्या इन्स्पेक्टरसमोर उभं राहून तो प्रत्येक जोड ओढून बघतो ते मुकाट्याने पाहणं. एक जोड जरी हातात आला तरी अख्खं पॅनल परत. पुण्याच्या तपकीर गल्लीत अजूनही दोन-चार दुकानदार मी काय मागणार ते ओळखून आधीच खोका खाली काढतात. याला तुम्ही रविवारची हौस म्हणता.

उलट, याच गाडीचा हॉर्न एकदा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्त करून घेतला होता. नाव लिहीत नाही. दोन वायरी नुसत्या पिळून त्यावर टेप गुंडाळून दिली होती. सोल्डर नाही, क्रिम्प नाही. बिलावर मात्र ‘इलेक्ट्रिकल वर्क’. तिथे देखरेखीला अभियंतेच असतील ना?

बरं, पदवीचाच विषय निघालाय तर क्रूझ कंट्रोलचे जनक राल्फ टीटर यांचंही सांगतो. लहानपणीच अपघाताने दृष्टी गेलेला माणूस. पेटंट मिळालं 1950 साली, आणि क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये हे यंत्र आलं 1958च्या मॉडेलांत. ज्याला समोरचा रस्ता दिसत नव्हता त्याने हे करून दाखवलं. ते शिकलेले इंजिनिअर होते, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

पुण्याच्या नवले पुलावरचे अपघात मध्ये आणायची काय गरज होती, ते मात्र मला समजलं नाही. तिथे कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर जे होतं त्याबद्दल पोलीस आणि वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं सांगतायत : अवजड गाड्या डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडतात, ब्रेक तापतात आणि मग धरत नाहीत. त्याचा माझ्या स्विफ्टशी काय संबंध? क्रूझ फक्त अ‍ॅक्सिलरेटर सांभाळतं, ब्रेक लावत नाही, त्यामुळे उतारावर गाडी ठरवलेल्या वेगाच्या पुढे जाऊ शकते, हे लेखात लिहिलंय. खंडाळ्याच्या घाटात वापरू नका, हेही लिहिलंय. मी वापरतो ते सोलापूर रोडवर, यवतच्या पुढे रस्ता मोकळा झाला की. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पाय एकाच कोनात फार वेळ धरवत नाही. पण तुम्हाला त्यात शौकच दिसला.

एक गोष्ट मात्र बरोबर सांगितलीत, ती मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. ब्रेक न दाबलेला असताना काही मॉड्यूलना मागच्या ब्रेक लाइटच्या फिलामेंटमधून अर्थ मिळावा लागतो. कोणी तिथे एलईडी बसवले असतील तर क्रूझ सेटच होत नाही आणि माणूस उगाच किटला दोष देत बसतो. माझ्या गाडीत साधेच बल्ब आहेत, म्हणून लिहायचं राहिलं. लेखात एक ओळ टाकली आहे.

ब्रेकच्या सिग्नलला पर्याय हवा, हा तुमचा शेवटचा मुद्दा. कंपनीच्या क्रूझमध्ये ब्रेकच्या स्विचला दोन उलटे संपर्क ठेवतात, एक दाबल्यावर जुळणारा आणि एक तुटणारा, हे मला नव्याने कळलेलं नाही. माझ्याकडे क्लचचा स्विच आहे आणि हाताशी मेन स्विच आहे. मला तेवढं पुरतं. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम 52 आणि त्यावरचा 2019चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुम्ही तोंडावर फेकलात. दोन्ही वाचलेत. त्यावर वकिलांनी भांडावं, इथे ती चर्चा नको. विम्याचंही तेच.

स्पीडचा सिग्नल मीटरच्या मागून घेतला ते चुकीचं, असं एक ओझरतं वाक्य तुमच्या प्रतिक्रियेत आहे. का चुकीचं ते लिहिलेलं नाही, तेव्हा उत्तर कशाला देऊ? मागचा हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलला टाकून, पुढचं एक चाक जॅकवर उचललं आणि हाताने फिरवलं. चाकाच्या तालावर मल्टिमीटर शून्यावरून उडी मारतो, परत शून्यावर येतो. वायर तीच होती.

याच लेखाखाली एका ताईंनी जुन्या सँट्रोला हे किट चालेल का, असं विचारलं होतं. या भांडणात त्यांचं उत्तर राहून गेलं. ताई, तुमच्या गाडीला थ्रॉटलची केबल आहे, पेडलला सेन्सर नाही, त्यामुळे हे किट चालणार नाही. केबल ओढणारा वेगळा अ‍ॅक्च्युएटर लागतो, तो इंजिनच्या खोलीत बसवावा लागतो आणि केबल कुठे अडकली तर पाय काढल्यावरही थ्रॉटल उघडाच राहू शकतो. त्या फंदात पडू नका.