लकव्यानंतरचा हात आणि ‘मशीन’वाला मेसेज

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरगुती ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. लकव्यानंतर सहा महिन्यांत हात आला नाही तर पुढे येत नाही, घरचे व्यायाम म्हणजे वेळ घालवणं, आता रोबोट मशीन आलंय, ते लावलं की मेंदूतल्या मेलेल्या पेशी जाग्या होतात, पेशंटनं नुसतं बसायचं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हाच मेसेज दाखवून ‘शेत गहाण टाकू काय?’ असं विचारणारे लोक भेटतात, म्हणून हे लिहितोय.

पेशींचं आधी. मेलेल्या पेशी जाग्या होत नाहीत. रक्त न मिळाल्यानं मेंदूचा जो भाग गेला तो गेला. त्याचं काम थोडंफार उचलतात ते शेजारचे आणि त्याला जोडलेले भाग, तेही सराव मिळाला तरच. १९९६ साली रॅन्डॉल्फ नुडो आणि सहकाऱ्यांनी माकडांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूला इजा झाल्यावर ज्यांच्याकडून बारीक खाऊ बोटांनी उचलण्याचा सराव करून घेतला, त्यांच्यात मेंदूतला हात चालवणारा उरलेला भाग टिकला, काहींत पसरलाही. सराव न मिळालेल्यांत तो आक्रसला होता. नुसतं बसून काय होतं ते यावरून कळावं.

सहा महिन्यांची मुदत? भरभर सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत होते, नंतर वेग मंदावतो, इतकंच खरं. अमेरिकेतल्या ‘एक्साइट’ चाचणीत (२००६) लकव्याला ३ ते ९ महिने झालेले २२२ जण होते. त्यातल्या एका गटाच्या चांगल्या हातात दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, जाड मोजा घातला आणि कमजोर हाताकडून कामं करून घेतली. फायदा वर्षभरानंतरही दिसला. मात्र मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येणाऱ्यांनाच त्यात घेतलं होतं. पूर्ण लुळ्या हातासाठी हेच औषध कुणी विकत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

आता मशीन. ब्रिटनमध्ये ७७० जणांवर झालेली ‘रॅटल्स’ चाचणी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. रोबोटवर सराव केलेल्यांच्या हाताची हालचाल तपासणीत थोडी सुधारलेली दिसली, पण हाताच्या प्रत्यक्ष वापरात नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळक फरक पडला नाही. चालण्याच्या मशीनचं जरा वेगळं आहे: सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांना चालताच येत नाही, त्यांना फिजिओथेरपीच्या जोडीनं तिचा उपयोग होतो. जोडीनं, बरं का.

घरच्या व्यायामांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे, हे मान्य करायला हवं. भारतातल्याच ‘अटेंड’ चाचणीत (२०१७) १४ हॉस्पिटलांतले १२५० पेशंट होते. घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवलं, तरी नेहमीच्या उपचारांपेक्षा निकाल सरस आला नाही. आमच्याकडे घराघरात काय चालतं ते मी बघतो. मुलगा वडिलांचा हात वर-खाली करतो, वडील टीव्ही बघतात. सांधा आखडू नये म्हणून तेवढं ठीक, पण सराव तो नव्हे. वर दंड धरून ओढला की खांदा दुखावतो तो वेगळाच.

वडगावच्या एका विणकर काकांना मी तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला बसवलं. चिमटीतून धागा निसटायचा, ते पुन्हा धरायचे, कपाळावर घाम. शेजारी काकू अस्वस्थ: ‘द्या हो इकडं, मी मारते.’ काकूंना आवरणं हाही उपचाराचाच भाग होता. काकांची गाठ अजून सैल बसते, पण बसते.

तेव्हा कुठल्याही सेंटरमध्ये पैसे भरण्याआधी विचारा: मशीन हात हलवणार की पेशंटनं स्वतः जोर लावल्यावर मदत करणार? तासाभरात पेशंटकडून एकच काम किती वेळा करून घेणार? सोबत फिजिओथेरपिस्ट असणार काय? घरी काय करायचं ते कोण शिकवणार, आणि पुन्हा तपासायला कधी बोलावणार? जांबोटीकडून रोज बस बदलून येणाऱ्यासाठी शेवटचे दोन प्रश्न मशीनच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे आहेत.