जवळच्याच संस्थेला देणगी का देतो आपण?

लोक आपल्याच भागातल्या संस्थेला देणगी का देतात असं विचारलं की उत्तर ठरलेलं, आपुलकी म्हणून. मला हे अर्धवट वाटतं. आपुलकी सगळ्यांनाच असते हो, खिशात हात मात्र मोजकेच लोक घालतात.

मला वाटतं पहिलं कारण अगदीच साधं आहे, कोणीतरी मागितलेलं असतं. आणि तो मागणारा ओळखीचा असतो, उद्या परत समोर येणार असतो, मग नाही म्हणणं जड जातं. रेने बेकर्स आणि पामाला वीपकिंग या अभ्यासकांनी देणगीवरचे ५०० हून जास्त शोधनिबंध पालथे घालून २०११ मध्ये आठ कारणं मांडली, त्यात गरज माहीत असणं आहे, कोणीतरी मागणं आहे, आपलं नाव राहणं आहे आणि आपल्या पैशाने काही फरक पडेल हा भरवसाही आहे. आता बघा, या चारही गोष्टी घराजवळच्या संस्थेत आयत्या मिळतात. नाव राहण्याला लोक नाकं मुरडतात, पण त्या लोभाने का होईना, वाचनालयाला छप्पर मिळत असेल तर माझी काही हरकत नाही.

त्यातही भरवसा मला सगळ्यात मोठा वाटतो. लांबच्या संस्थेचा चकचकीत अहवाल येतो, पण जवळच्या संस्थेची ॲम्ब्युलन्स दारावरून जाताना दिसते, आणि ती महिनाभर बंद पडून राहिली तर तेही दिसतं, मग माणूस जाऊन विचारतो की काय हो, काय झालं. म्हणजे देणगी देणारा फुकटातला ऑडिटरच झाला!

१९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने पहिलं कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजे शहराचा सामायिक देणगी निधी, काढलं ते जवळच्या माणसाला जास्त दिसतं याच विचाराने. श्रीमंत लोक मृत्युपत्रात लिहून ठेवायचे की माझा पैसा अमुकच कामाला वापरा, पुढे ते कामच उरायचं नाही आणि पैसा तसाच अडकून पडायचा. गॉफने म्हटलं, सगळा पैसा एकत्र ठेवा आणि कुठे वापरायचा ते त्या त्या वेळी शहरातल्या लोकांची समिती ठरवेल. ही कल्पना पुढे जगभर पसरली, कारण गरज बदलली की आधी तिथल्याच लोकांना कळतं.

पण एक गोष्ट मला खटकते. सगळ्यांनीच आपापल्या भागात दिलं तर पैसेवाल्या भागातल्या संस्था गब्बर होणार, आणि जिथे देणारेच कमी तिथे मागणार कोणाकडे? तिथल्या लोकांची आपुलकी काय कमी असते का? तिथे सरकारने किंवा बाहेरच्या मोठ्या संस्थांनी उतरावंच लागतं, "आपलं आपण बघू" एवढ्यावर भागत नाही. म्हणून मी देणगीचे दोन वाटे करतो, मोठा इथला आणि छोटा जिथे माझ्या ओळखीचं कोणीच नाही तिथला. आणि खरं सांगू, तो दुसरा वाटा देताना हात जरा आखडतोच.