समिती नेमली म्हणजे पाळकाला वाचवलं, असं नव्हे

रविवारी उपासना सुटल्यावर गिरगावात एका मावशींनी फोन पुढे केला. “बाळा, हे खरं का रे?” मेसेज असा: ‘प्रेसबिटेरियन मंडळ्यांत पाळक काहीही शिकवो, समिती नेमून त्याला वाचवतात. सगळं मॉडरेटरच्या हातात. रॉबर्टसन स्मिथलाही असंच सोडलं.’ खाली मुंबईतल्याच एका पाळकांच्या उपदेशाची क्लिप. आपल्यातल्या कितीतरी घरांत शुभवर्तमान स्कॉटिश मिशनमधून आलं, आणि ते मिशन प्रेसबिटेरियन, म्हणजे बिशपऐवजी सभांनी चालणाऱ्या पंथाचं. मला हे वाचून गप्प बसवेना.

मॉडरेटर सभा चालवतो, एवढंच. असेंब्लीचा, म्हणजे सर्वांत वरच्या सभेचा, मॉडरेटर तर दरवर्षी बदलतो, आपले मुंबईचे स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन 1870 साली फ्री चर्चचे (स्कॉटलंडच्या मुख्य चर्चपासून वेगळ्या झालेल्या चर्चचे) मॉडरेटर झाले आणि नंतर पुन्हा मुंबईत येऊन कामाला लागले. पाळकाचा न्याय प्रेसबिटरी करते, म्हणजे पाळक आणि मंडळीतले वडीलजन (एल्डर) यांची सभा. तिच्या निर्णयावर वरच्या सभेत अपील होतं.

वाचवतात म्हणे! ख्रिस्त सर्वांसाठी मेला असं शिकवल्याबद्दल जॉन मॅक्लिऑड कॅम्बेल यांना स्कॉटलंडच्या असेंब्लीने 1831 साली पाळकपदावरून काढलं. माझ्या मते ती चूकच होती. पुढे 1868 साली ग्लासगो विद्यापीठाने त्याच माणसाला डी.डी. ही धर्मशास्त्रातली मानद पदवी दिली.

आता रॉबर्टसन स्मिथ. ते ॲबर्डीनच्या फ्री चर्च कॉलेजात जुना करार शिकवत. 1875 साली ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’त त्यांचा बायबलवरचा लेख आला आणि वादळ उठलं. समिती नेमली गेली, हे खरं. पण रीतसर लेखी आरोप ठेवा, अशी मागणी खुद्द स्मिथ यांनी केली. कुजबुजीला उत्तर देता येत नाही, आरोपपत्राला देता येतं. प्रेसबिटरीत एकेक कलम वाचून वाद झाला, बरीच कलमं गळाली. 1880 साली असेंब्लीने अवघ्या 7 मतांच्या फरकाने त्यांना समज देऊन प्रकरण मिटवलं. मेसेज इथेच थांबतो. त्यानंतर त्यांचा आणखी एक लेख निघाला आणि 1881 साली असेंब्लीने त्यांची प्राध्यापकी काढून घेतली. पाळकपद मात्र ठेवलं. मला खुपतं ते हे, की ही शिक्षा आरोप सिद्ध न करताच झाली. सभेला दोष द्यायचाच तर इथे द्या.

1970 नंतर आपल्या अनेक मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत, बिशप आहेत, रीत वेगळी आहे. तरी आरोप लेखी हवा आणि पाळकाचं ऐकून घ्यायला हवं, हे सोडून कसं चालेल?

त्या क्लिपच्या उपासनेला मी होतो. उपदेश 35 मिनिटांचा, क्लिप 40 सेकंदांची. पाळकसाहेबांनी आधी विरोधकांचं म्हणणं मांडलं, मग वचनं काढून ते खोडलं. क्लिप जिथे तुटते, तिथला पुढचा शब्द ‘पण’ होता. मावशींना मी तो पूर्ण उपदेश ऐकवला. त्यांनी मेसेज पुढे पाठवला नाही.