मंत्रचळ, रामरक्षा आणि आयर्विन पुलावरचे पाणी

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका लेखिकेने कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबरीचे हस्तलिखित मला वाचायला दिले. नायक १२ वर्षांचा असून त्याला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आणि ते शमवायला तीच तीच कृती करत राहण्याचा मनाचा आजार. हेतू प्रामाणिक आहे, भाषाही छान आहे. पण पहिल्या ४० पानांत तो १७ वेळा हात धुतो (मी मोजले, मोजण्याची खोड जुनी आहे) आणि त्या वेळी त्याच्या मनात काय चालले आहे, हे एकदाही कळत नाही. शेवटी एक समजूतदार मैत्रीण भेटते, डॉक्टर दोन गोष्टी सांगतात आणि मुलगा चिखलात खेळायला धावतो. वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते, कारण मी स्वतः ते मूल होते आणि माझे हात अगदी कोरडे असत.

मी १० वर्षांची असताना सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी दिवेलागणीला रामरक्षा म्हणण्याचा नेम होता. ३८ श्लोक. म्हणता म्हणता ‘आई मेली तर?’ असा विचार मध्येच चमकून गेला की ती रामरक्षा बाटली असे मला वाटे, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. पुन्हा तोच विचार येई, कारण तो येऊ नये म्हणून मी त्याच्यावरच डोळा ठेवून असे. जेवणाची पाने वाढून झालेली असत आणि मी तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात अडकलेली असे. आजी शेजारणींना कौतुकाने सांगे की आमची पोर फार भाविक आहे. खरे तर त्या घटकेला माझे देवाकडे लक्षच नव्हते; मी आईला वाचवत होते.

आपल्या भाषेत या आजाराला मंत्रचळ हा नेमका शब्द आहे. मंत्र म्हणताना चूक झाली तर माणसाचे डोके फिरते, या जुन्या समजुतीतून तो आलेला आहे. मला तो आद्याक्षरांच्या इंग्रजी नावापेक्षा जवळचा वाटतो, कारण चुकीची धास्ती त्यातच बसलेली आहे. (कपाट नीट लावणारे लोक हल्ली हसत हसत ‘मला जरा ओसीडीच आहे’ म्हणतात, तेव्हा मी विषय बदलते.)

माझा मुख्य आक्षेप असा की आपल्या घरांत हा आजार सद्गुणाचे कपडे घालून वावरतो आणि गोष्टी लिहिणाऱ्यांना तो तिथे दिसत नाही. सोवळे, नेम, टापटीप, काळजी या सगळ्यांचे आपल्याला कौतुक असते. सांगलीचेच उदाहरण घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्यानंतर दर पावसाळ्यात ‘आयर्विनला पाणी किती?’ हा प्रश्न गावातले प्रत्येक माणूस विचारते आणि त्यात काही गैर नाही. आता असा एक मुलगा कल्पून पाहा, जो जानेवारीत, नदी तळाशी असताना, शाळेतून येताना पुलावर थांबून पातळी पाहतो. चार पावले जातो, नीट पाहिली का अशी शंका येते, म्हणून परततो. आपण पाहिले नाही तर पाणी चढेल, अशी त्याची खात्री आहे. ती खुळी आहे हेही त्याला कळते, आणि कळूनही पाय मागे वळतात. पूर पाहिलेल्या गावात या मुलाचा संशय कोणाला येणार? पुढच्याच वर्षी करोना आला आणि हात धुण्याचा तर सरकारी आदेशच निघाला.

पुष्कळांचा हा आजार बालपणी किंवा किशोरवयात सुरू होतो, म्हणूनच त्याची गोष्ट मुलांसाठी लिहिली जायला हवी. पण ती लिहिताना घरातल्या प्रेमळ माणसांनाही मोकळे सोडून चालणार नाही. मी रात्री आजीला विचारत असे, ‘आईला काही होणार नाही ना?’ आणि ती प्रत्येक वेळी म्हणे, ‘नाही गं बाळ, झोप.’ त्या उत्तराने मला पाच मिनिटे शांतता मिळे आणि सहाव्या मिनिटाला प्रश्न अधिक जोराने परत येई. व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेली आणि पुढे प्रमाण ठरलेली उपचारपद्धती याच्या उलट जाते: भीती येऊ द्यायची, ती घालवण्याचा विधी मात्र करायचा नाही, आणि ती आपोआप ओसरेपर्यंत थांबायचे. गरज असल्यास जोडीला औषधेही देतात. हे काम आठवडेच्या आठवडे चालते, अधूनमधून घसरते, आणि घरच्यांनाही उत्तर न देण्याचा सराव करावा लागतो. आजी ‘मला माहीत नाही गं’ म्हणून कूस बदलते आणि अंधारात स्वतःच रडते, असे प्रकरण मी अजून मराठीत वाचलेले नाही. आजच्या गोष्टीतली आत्या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फिरवू शकेल. माझ्या आजीजवळ गणपतीचा अंगारा होता आणि तो तिने मनापासून लावला.

लेखिकेला मी हस्तलिखित परत दिले आहे. हात धुण्याचे प्रसंग तीनच ठेवावेत, चिखलाचे प्रकरण काढावे आणि मुलाला एखादा खेळ, एखादा मित्र, गणितातली एखादी गंमत, असे आजाराशी संबंध नसलेले काहीतरी द्यावे, असे सुचवले आहे. ती म्हणाली, ‘मग शेवट कुठे करू?’ मी म्हटले, रामरक्षेत एक श्लोक चुकतो आणि पोरगा जेवायला बसतो, तिथे करून पाहा. ती विचार करते आहे.